वाढून मेलेले वाल

आमचे धाकटे दीर तुळशीराम भावजी इतकं गोड बोलतात, की त्यांनी आपलं काय नुकसान केलं ते माणसाला घरी जाऊन पाय धुतल्यावर कळतं. कोयता नेला तर धार घालवून आणतील, टोपली नेली तर बूड काढून आणतील, आणि ओट्यावर ठेवताना वर म्हणतील, "वयनी, तुमच्या टोपलीला काय बरकत हाय!" रागवायला जावं तर हसतात. हसणाऱ्या माणसावर किती ओरडणार? आपलाच घसा बसतो.

विचुंब्याला आमची दोन घरं, भिंतीला भिंत. थोरलं माझं, धाकटं त्यांचं. मामंजींनी जायच्या आधी दोघा भावांना शेत वाटून दिलं, भांडी वाटली, बैलांची जोडीसुद्धा फोडली. एक गोष्ट मात्र वाटली नाही. वालाचं बी. म्हणाले, "शेत वाटलं तर मधी बांध पडतो. बी वाटलं तर बीच राहत नाय. बी थोरल्या घरात राहू दे, गुणाच्या हाताखाली." गुणा म्हणजे मी. तेव्हा माझ्या अंगाला हळदीचा वास होता, पण मामंजी माणूस ओळखत.

आमचे वाल बुटके, तांबूस, चवीला कडवट. शिजले की लोणी. भात कापून झालं की त्याच ओल्या रानात पेरायचे, मग वरून पाणी घालायला नको. दव पितात आणि वाढतात. पनवेलच्या बाजारात ढीग घातले तरी आमचा वाल डोळे मिटून बोटाला कळेल. मी तो घराबाहेर अख्खा जाऊ दिला नाही. कुणी मागायला आलं तर भिजवून, मोड आणून, सोलून द्यायची. बिरडं करा, खा, नाव काढा. पेरायला मिळायचं नाही. पोटची पोर गव्हाणला दिली, तिच्या डोहाळजेवणालाही सोललेलेच गेले. रडली. रडू दे म्हटलं. माहेरचं बी माहेरी.

फक्त धाकट्या घराला द्यावं लागलं. आमचे हे गेले, दिवस घातले, आणि तुळशीराम भावजी ओट्यावर येऊन बसले. "वयनी, दादा व्हता तवर मी बोललो नाय. पर मी पन त्याच बापाचा." बापाचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? तेव्हापासून दर चैत्रात वाल झोडपून झाले की राखेत घोळलेल्या वालाचं एक मडकं तोंड लिंपून त्यांच्या घरी जातं.

त्या वर्षी कार्तिकात पाऊस आला. भात मळून घरात आलं होतं, वाल पेरून झाले होते, आणि हा रिकामटेकडा पाऊस कुणी बोलावल्यासारखा येऊन बसला. उघडला तेव्हा मी रानात हात घातला. बी बोटांना पिठासारखं लागलं. कुजलेल्या वालाचा वास मेलेल्या बेडकासारखा असतो. काशिराम, माझा मुलगा, बांधावर उभा राहून म्हणाला, "आता काय, आये?"

"आता काय म्हणजे? पुन्ना पेरायचं."

माझ्या मडक्यात राखीव होतं ते सगळं काढलं. सगळं काढताना हात आखडला नाही, कारण धाकट्या घरात एक मडकं भरलेलं होतं. भावजींनी त्या वर्षी वाल पेरलेच नव्हते. त्यांचं रान सखल, पाणी हटेना. "आमच्या रानात बेडूक पेरावं लागतील, वयनी," असं म्हणून हसले होते. म्हणजे त्यांचं बी घरातच. एक मडकं रानात, एक मडकं घरात. बी असं दोन ठिकाणी असलं की माणूस निवांत झोपतो.

दुसरा पेरा छान उगवला. मार्गशीर्षात जोडपानं फुटली, वेलांना जोर आला. सून रंभा आणि मी सकाळी दवात शेंडे खुडायला जायचो. वालाचा शेंडा खुडावा लागतो. शेंडा असेपर्यंत खालच्या डोळ्यांना तो डोकं वर काढू देत नाही. खुडला की बाजूनं चारपाच फांद्या फुटतात आणि मग शेंगाच शेंगा. रंभा नवी होती तेव्हा मी तिला हे शिकवलं. ती खाली मान घालून म्हणाली, "म्हंजे शेंडा सासूसारखा."

मी म्हटलं, "हां. आनि सासू खुडली की घरात शेंगा लागतात असं वाटत असेल तर वाट बग."

पौषात ढग आले. ढगांबरोबर मावा आला. शेंड्याशेंड्याला काळे किडे चिकटले, पानं तेल सांडल्यासारखी झाली, बोटं एकमेकांना चिकटू लागली. मी आणि रंभानं चुलीतली राख चाळून रोज पहाटे उधळली. डोळ्यांत गेली, नाकात गेली, खोकताना राखाडी थुंकी पडे. पण दव जास्त आणि ढग हटेनात. फुलं गळायला लागली तेव्हा काशिराम म्हणाला, "आये, राखेनं नाय व्हायचं. मी यूनुसकडून दवा आनतो. काकाचा पंप हाय."

पंप गावाला माहीत होता. पावसाळ्यात भावजींनी पनवेलच्या यूनुसच्या खताच्या दुकानातून तणाचं औषध आणि पाठीवर बांधायचा पितळी पंप आणला होता. भाताला लावणीनंतर औषध मारलं. भात उभं राहिलं आणि तण वळवळून लोळलं. गावभर सांगत सुटले, "निंदनीला बाया कनाला पायजेत? मी एकच बाई पाठीवर घेतो." त्यांची बायको गंगाबाई, माझी जाऊ, तोंडाला पदर लावून आत पळाली होती.

काशिराम पंप घेऊन आला तो मी ओट्यावर ठेवून घेतला. चिंच आणि राखेनं असा घासला होता की त्यात माझं तोंड दिसलं, नथीसकट. आमच्याकडे पितळ झळकलं की भांडं स्वच्छ. लग्नातली घंगाळी आम्ही अशीच बघून घेतो. तरी रंभानं झाकण काढून नाक घातलं.

"आई, वास येतंय. फिनेलसारका."

भावजी दोन अंगणांमधल्या कुडाजवळ उभे होतेच. मी विचारलं, "भावजी, धुतला का नीट?"

"तुमची आन, वयनी. गंगीचा हात दुखला घासून. आनि वास तर येनारच. नव्या नवरीला हलदीचा येतंय तसा." हसले.

काशिराम पंप पाठीवर घेऊन बांधाबांधानं फिरला. औषध दुधासारखं पांढरं. दांडा खालीवर, खालीवर, आणि फवारा पानांवर बसे. ह्या टोकाला आमच्या घराकडून सुरुवात केली आणि उन्हं चढेस्तोवर ओढ्याकडच्या पट्टीला संपवलं. मावा दुसऱ्या दिवशी वाळून पडला. मी नारळ फोडला.

मग वाल वाढले.

वाढ अशी की मी जन्मात बघितली नव्हती. खुडलेल्या शेंड्यांच्या बाजूनं कोंब सरसर वर आले, देठ लांबले, पानं उभी राहिली. भावजी बांधावर येऊन म्हणाले, "वयनी, माज्या पंपाचा हात लागला." मला मनातून बरं वाटलं. मग सकाळी गेले तर देठ वाकलेले. वारा नाही, आणि देठ एका बाजूला मुरगळलेले, डुकराच्या शेपटीसारखे. पानांची वाटी झाली होती, उलटी. खोडाला हात लावला तर ते सुजलेलं, आणि सुजेवर चिरा, आतून पांढरं दिसे. नवी पानं आली ती वालाची नव्हतीच. अरुंद, लांब, शिरा उभ्या. वालाला भात व्हायचे डोहाळे लागल्यासारखे.

"हे मरतात का जगतात?" रंभानं विचारलं.

मरणारं झाड मला कळतं. पिवळं पडतं, मान टाकतं, आपण म्हणतो गेलं. हे हिरवंगार होतं. वाढत होतं.

मी म्हटलं, शेंडे खुडा. जे वाकडं आहे ते काढा, खालून सरळ फुटेल. घरातली सगळी माणसं रानात बसली. कंबर मोडेस्तोवर खुडलं. बोटांची नखं हिरवी झाली, अंगठ्याला फोड आले, रंभाच्या पाठीत उसण भरली तरी ती बसून सरकत खुडत राहिली. खालचे डोळे फुटले. फुटले ते वाकडेच फुटले.

तळ्यावरून पाणी आणून पानं धुतली. हंड्यामागून हंडा. तळ्यावरच्या बाया थांबून बघत. "गुणाबाय वालाला आंघोल घालतेय." हसल्या. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते, फक्त जोरात.

मग एक झाड मुळासकट उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पनवेलला चालत गेले. काशिराम म्हणाला मी जातो. म्हटलं, तू जाशील आणि तो सांगेल त्याला मान डोलावून येशील.

यूनुसचं दुकान मोहल्ल्याच्या तोंडाशी. त्याच्या बापाला मी ओळखत होते, मोऱ्याच्या बंदरावरून सुकी मासळी आणून विकायचा. पोरानं खताचं काढलं. मला बघून उठला. "आवो मावशी, बसा. पानी देऊ?"

मी फडकं उघडून झाड त्याच्या गादीवर ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं, खोड दाबलं, मुळाशी सुजलेल्या गाठी बघितल्या. चेहरा पडला.

"मावशी, ही माव्याची दवा नाय. ही तनाची दवा लागलीय."

"तनाची दवा मी मारलीच नाय."

"पंप कोनाचा?"

मी सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला. मी तुळशीरामशेटला बोललो होतो. पंप धुन्याच्या सोड्यानं धुवा, आतून. रातभर पानी भरून ठेवा, नळी, तोटी सगळं खोला. नायतर तनाचा पंप तनालाच ठेवा. ते बोलले, हां हां, चकाचक करतो."

"चकाचक हाय," मी म्हटलं. "तोंड दिसतंय."

तो हसला नाही. म्हणून मला त्याचा राग आला नाही.

"पन तनाच्या दवेनं मरायला पायजे व्हतं," मी म्हटलं. "हे तर वाढलं."

"तीच तर गोष्ट हाय, मावशी. ही दवा जाळत नाय. वाढवते." त्यानं झाडाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "झाडाच्या शेंड्यात एक रस बनतो. थेंबाचा थेंबही नाय, त्याहून कमी. पन हुकूम त्याचा चालतो. देठाला किती लांबायचं, मुळाला कुठं जायचं, बाजूच्या डोळ्यानं उठायचं का गप बसायचं, सगळं तो सांगतो."

"शेंडा खुडला की डोळे उठतात, ते मला म्हाईत हाय."

"बस. तेच. कंपनीवाल्यांनी त्या रसाची नक्कल केली. ही दवा म्हंजे खोटा हुकूम. वाढ, वाढ, वाढ. खोड वाढतं, मूळ वाढतं, आतल्या नळ्या फुटतात, नि झाड वाढून वाढून मरतं. भाताला, गवताला हा हुकूम लागत नाय. रुंद पानाला लागतो. वाल, वांगी, कपाशी, ह्यांना तर पंपाला उरलेला नुसता वास पुरतो."

"असली दवा कशाला बनवायची?"

"थोडी असली तर कामाची. ह्याच जातीची दुसरी दवा हाय, चिमूटभर पान्यात घालून मारली तर फळ गळायचं थांबतं. कलमाची काडी तिच्यात बुडवली तर मुळं फुटतात. मिठासारखं हाय, मावशी. चिमूट घातली तर चव, मूठ घातली तर गेलं."

"उतारा सांग."

यूनुस झाड फडक्यात गुंडाळू लागला. नीट, मुळं आत, पानं आत.

"उतारा नाय?"

"पानी दिलं तर वाढंल. खत दिलं तर वाढंल. कायच नाय दिलं तरी वाढंल. काय सांगू? शेवटी जिथं मारलं असेल, तिथंवर पंपातली तनाची दवा धुऊन गेली असेल. तिथलं वाचलं तर वाचलं."

त्यानं मला एस्टीत बसवून देतो म्हटलं. मी चालतच आले. झाड कुठं टाकवेना, म्हणून ते विचुंब्यापर्यंत काखेत होतं.

त्या संध्याकाळी मी कुडापाशी उभी राहून भावजींना हाक मारली. यूनुस काय म्हणाला ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं कसं व्हईल, वयनी? भाद्रपदातली दवा पौषात जिती राहते? भूत हाय का ती? काशिनं माव्याची दवा जास्ती घातली असेल. पोरांचा हात सैल."

"आतून धुतला व्हता का?"

"पान्यानं विसलला ना."

"सोड्यानं?"

"आता पितलेला सोडा कोन लावतंय? डाग पडतात."

मी घरात आले. भिंतीपलीकडे ते गंगाबाईला काहीतरी सांगून हसत होते. माझ्याविषयी नसेल. ते असेच हसतात.

ओढ्याकडची पट्टी मात्र खरंच कमी वाकली. आठ-दहा पावलांची पट्टी ती. आम्ही तिची राखण केली. ढोरं येऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण केलं, रंभानं माव्याचा एकेक किडा बोटांनी चिरडला, पंपाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. माघात तिथं फूल आलं. शेंगाही धरल्या. शेंगा विळ्यासारख्या वाकड्या, पण आत गाठी हाताला लागत. मी रोज त्या न मोजता बोटांनी नुसत्या चाचपत राही, जसं पोटुशीच्या पोटावर हात ठेवावा. गावातल्या पोरांनी पोपटीला, मडक्यात भाजून खायला, शेंगा मागितल्या, त्यांना मी काठी दाखवली.

शेंगा वाळल्या. सोलल्या. निम्म्या पोकळ, निम्म्यांत सुरकुतलेला, मनुक्यासारखा दाणा. त्यातले बरे निवडून मी ओल्या फडक्यात बांधले. मोड येतो का ते बघायचं होतं. फडकं देवाच्या कोनाड्याखाली टांगलं. दाणे फुगले. रंभा धावत आली, "आई, फुगले!" मग मूळ आलं, आखूड आणि जाड, अंगठ्यासारखं. त्याच्या पुढे काहीच आलं नाही. कोंब नाही, जोडपान नाही. तसेच राहिले आणि सडले.

रंभा रडली. मी तिला म्हटलं, "रडतेस कनाला? धाकट्या घरात मडकं हाय."

त्या मडक्याचं नाव मी आतापर्यंत तोंडी आणलं नव्हतं. मागायला मला जावं लागणार होतं, मला, जिनं ते दिलं होतं. आधी रंभाला पाठवलं. गंगाबाई म्हणाली, "माल्यावर असंल, हे आले की काडून देतील." हे आले. पुन्हा पाठवलं. "शिडी मोडली हाय." काशिराम आपली शिडी घेऊन गेला. "आज आमुश्या हाय, बी हलवू नये." तोपर्यंत मला कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. माणसाला तेवढंच कळतं जेवढं सोसवतं.

शेवटी मी गेले. चैत्रातली दुपार, भावजी बाजाराला गेलेले. गंगाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"गंगा, मडकं काड."

ती उठली. माळ्यावर चढली आणि मडकं छातीशी धरून उतरली. माझंच मडकं, गळ्याला माझ्या बोटांचे लिंपण्याचे वण. तोंडावरचं लिंपण मात्र फुटलेलं होतं. मी आत हात घातला. राख गार असते. मनगट गेलं, कोपर गेलं. बोटं बुडाला लागली. मी बोटं फिरवली. राख, राख आणि राख. एक दाणा मिळाला. बाहेर काढला तर भुंग्यानं पोखरलेला, फुंकर मारली तर उडाला.

"कुटं गेले?"

गंगाबाई खांबाला टेकून बसली. "पंप दाकवायला कंपनीचा मानूस आलता, सरावनात. ह्यांनी सांगितलं, आमच्या वयनीच्या वालाचं बिरडं खाऊ घाल. मी भिजत घातले. तो बोलला, असं बिरडं मुंबैत नाय. मग आनखी दोनदा आला. मग आमच्या पोरीला, सुमतीला, बगायला पावनं आले. मग ह्यांनी पंचांना बोलावलं. दर येली म्हनायचे, मूठभर काड, पेरायला पुरंल. मी बोलले त्यांना, ताई. देवाशपत बोलले. ते बोलले, वयनीकडं हाय ना."

मी हात झाडला नाही. कोपरापर्यंत राख घेऊन तशीच घरी आले. रंभानं तांब्या आणून हातावर पाणी घातलं. तांब्यातलं पाणी संपलं तरी ती रिकामा तांब्या धरून उभी होती.

दिवेलागणीच्या आधी भावजी आले. पनवेलहून चालत आले होते, पायांवर धूळ, डोक्यावर पोतं. गंगाबाईनं वाटेतच गाठून सांगितलं असावं. पोतं ओट्यावर टाकलं आणि घाम पुसत खाली बसले. पहिल्यांदाच हसले नाहीत.

"वयनी, रिकामं मडकं कसं देनार, म्हनून वाल आनलेत. घाटावरचे हायत, टपोरे. बगा तरी. तुमच्यापेक्शा दुप्पट मोठा दाना हाय." पोत्याचं तोंड उघडून त्यांनी ओंजळ पुढे केली. वाल पांढरे होते, गोल, गुळगुळीत, एकासारखा एक. "पुडच्या वर्सी हेच पेरू. वाल ते वाल. मी सोता पेरून देतो. पंप तल्यात फेकून देतो, सांगा तर आत्ता. मला दोन थोबाडीत मारा, वयनी. पर बोला काय तरी."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. काशिराम दारात, रंभा त्याच्या मागे, गंगाबाई कुडाशी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गावाला शिव्या देऊन दाखवलेली बाई. माझ्या तोंडाशी एकही आली नाही. मी त्यांच्या ओंजळीतला एक वाल उचलला, दाताखाली धरला, फोडला. गोड होता. भावजींनी मामंजींच्या मांडीवर बसून ज्या वालाचं बिरडं खाल्लं, तो वाल आता ह्या जगात कुठं नव्हता, आणि ते ओंजळ धरून बसले होते.

मी म्हटलं, "ठेवा तितं. रंभा शिजवील. भावजी, तुमी वाईट मानूस असता ना, तर मी तुमच्याशी भांडले असते, पंचांत उभं केलं असतं, मरेस्तोवर तोंड बगितलं नसतं, नि मला बरं वाटलं असतं. तुमी वाईट नाय. तुमच्यासारख्या चांगल्या मानसाचं काय करायचं, ते मला कुनी शिकवलं नाय. उटा, पाय धुवा. जेवून जा."